शून्याचा हिशेब कोणाच्या माथी?

राहुरी तालुक्यातल्या एका गावात बचतगटाची बैठक होती. विषय नेहमीचाच, थकलेल्या हप्त्यांचा. तो संपल्यावर मी बायकांना सहज सांगितले, की आपल्या सरकारने जगाला शब्द दिला आहे. कारखाने, मोटारी, वीजकेंद्रे यांतून जो वायू हवेत सुटतो आणि ज्याने पृथ्वी तापते, त्याचा हिशेब भारत २०७० सालापर्यंत शून्यावर आणणार आहे. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग एका आजींनी मांडीवरच्या चार वर्षांच्या नातीकडे पाहून विचारले, "तवा ही केवढी व्हईल गं ताई?" मी म्हटले, एकोणपन्नास वर्षांची. आजी म्हणाल्या, "म्हंजी ही सासू झाल्यावर धूर जायचा. तवर चूल हिनंच फुंकायची का?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण एसटीने परत येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण या शब्दावर गेली काही वर्षे देशात जेवढी चर्चा झाली, वर्तमानपत्रांतून जेवढे अग्रलेख आले, त्यांत कुठेही हा प्रश्न मी वाचलेला नव्हता.

१ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत पंतप्रधानांनी ही घोषणा केली. अमेरिका आणि युरोपने २०५० साल दिले होते, चीनने २०६०, आपण २०७०. त्याबरोबर २०३० सालासाठीही काही आकडे दिले गेले. कोळसा, तेल, गॅस न जाळता वीज तयार करण्याची क्षमता ५०० गिगावॅट करायची, आणि अर्थव्यवस्थेची 'उत्सर्जन-तीव्रता' २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायची. लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, २०७० म्हणजे फार उशीर झाला, भारत जगाला बुडवणार. परिषदेच्या शेवटच्या दिवशी कोळसा 'बंद करू' ऐवजी 'कमी करू' असा शब्द घालून घेण्यात भारत पुढे होता, तेव्हा या तटाचा आवाज आणखी चढला. दुसरा तट म्हणाला, दोनशे वर्षे धूर सोडून श्रीमंत झालेल्या देशांनी आम्हाला शिकवू नये, उलट आमचे पैसे द्यावेत. सरकारने एक लाख कोटी डॉलर मागितले, तेव्हा या तटाने टाळ्या वाजवल्या. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये शहरासाठी २०५० हेच साल जाहीर केले, तेव्हाही पुन्हा तेच कौतुक आणि तीच कुरकुर. २०२५ मध्ये विजेच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेलाविना झाल्याची बातमी आली. ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी! पुन्हा एकदा अभिमान आणि शंका यांची जुगलबंदी झाली.

मैत्रिणींनो, या दोन्ही तटांशी माझे भांडण आहे. दोघेही टन मोजतात आणि साले मोजतात. हा शून्य गाठताना कोणाच्या पायाखालची जमीन जाणार, कोणाच्या कंबरेवर ओझे येणार आणि कोणाच्या नावावर पैसे जमा होणार, हे दोघांपैकी कोणीच मोजत नाही. आणि जे मोजले जात नाही, ते बाईच्या माथी मारले जाते, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

आधी हा आकडा समजून घेऊ, कारण अवघड शब्द वापरून आपल्याला चर्चेबाहेर ठेवण्याची युक्ती जुनी आहे. 'उत्सर्जन-तीव्रता कमी करणे' म्हणजे एकूण धूर कमी करणे नव्हे. देशात शंभर रुपयांची संपत्ती निर्माण होताना जेवढा वायू सुटतो, तो कमी करायचा. एका भाकरीमागे लाकूड थोडे कमी लागले, पण वीस भाकरींच्या जागी पन्नास थापल्या, तर मोळी मोठीच लागणार. तसेच हे आहे. तसेच विजेची निम्मी 'क्षमता' स्वच्छ झाली म्हणजे निम्मी वीज स्वच्छ झाली असे नाही. सूर्य रात्री नसतो, पावसाळ्यात अंधूक असतो, आणि प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचाच वाटा निम्म्याहून बराच अधिक आहे. 'निव्वळ शून्य' याचा अर्थ एवढाच, की जेवढा वायू सोडू तेवढा झाडे, माती किंवा यंत्रे परत शोषून घेतील. सोडणारे एकीकडे असू शकतात आणि शोषणाऱ्या झाडांसाठी जमीन देणारे दुसरीकडे. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता दुसऱ्या तटाचा लाडका युक्तिवाद पाहू. भारतीय माणूस सरासरीने वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस चौदा टनांच्या आसपास. हे खरे आहे, आणि जगाच्या बाजारात हे ठणकावून सांगायलाच हवे. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच हे मांडले होते. गरिबाचे जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि श्रीमंताचे चैनीचे उत्सर्जन एका तागडीत तोलू नका, असे त्यांचे म्हणणे होते. पण हाच न्याय देशाच्या आत लावायची वेळ आली की सगळे गप्प का? 'सरासरी भारतीय' नावाचे कोणी माणूस राहुरीत मला अजून भेटलेले नाही. वातानुकूलित बंगला आणि दारात दोन मोटारी असलेला बागायतदार भेटतो, आणि त्याच्या कांद्यात वाकून काम करणारी, घरी एक बल्ब नि एक पंखा असलेली मजूर बाई भेटते. दोघांची बेरीज करून दोनाने भागले की सरासरी निघते, आणि त्या सरासरीच्या पदराआड बंगला लपतो. २००७ साली ग्रीनपीसच्या भारतातील शाखेने नेमके हेच दाखवले होते, की या देशातले श्रीमंत गरिबांच्या आड लपतात. मी त्यात एवढीच भर घालीन, की घराच्या आतही अशीच सरासरी काढली जाते आणि तिच्याआड पुरुष लपतो.

पहिला हिशेब चुलीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) ग्रामीण भारतात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे ४३ टक्के होती. म्हणजे निम्म्याहून अधिक ग्रामीण घरांत लाकूड, गोवऱ्या, काटक्या. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, कोट्यवधी जोडण्या दिल्या गेल्या, आणि जोडणी बाईच्या नावावर झाली ही चांगली गोष्ट आहे. पण २०२३ च्या सुरुवातीला टाकी अकराशे रुपयांवर गेली, तेव्हा आमच्या बचतगटातल्या किती घरांत शेगडीवर फडके टाकून ठेवलेले मी पाहिले! पाहुणे आले की गॅस, रोजच्याला चूल. पुढे उज्ज्वलाच्या टाकीवर अनुदान वाढले, पण मजुरी न मिळणाऱ्या महिन्यात तेवढे पैसेही एकरकमी निघत नाहीत. ही बाई देशाच्या सरासरीला दोन टनांवर ठेवते, म्हणजे जगापुढे भारताची बाजू भक्कम करते. त्या बदल्यात तिला काय मिळते? डोळ्यांची आग, छातीचा खोकला आणि 'जुन्या सवयी सुटत नाहीत' असा शेरा!

दुसरा हिशेब उसाचा. आमचा जिल्हा हा साखरेचा जिल्हा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना आमच्या शेजारचाच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते २०२५ वर आणले आणि गाठलेही. इथेनॉल मक्यापासून होते, धान्यापासून होते, तसेच उसापासूनही होते, आणि आमच्याकडे इथेनॉल म्हटले की ऊसच. त्याला 'हरित इंधन' म्हणतात. पण तो ऊस तोडतो कोण? बीडहून, आमच्याच पाथर्डीकडून आलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या. जोडीला 'कोयता' म्हणतात, म्हणजे बाई अर्धा कोयता. मुकादमाची उचल नवऱ्याच्या हातात, मोळी बाईच्या डोक्यावर. पहाटे उठून भाकऱ्या, दिवसभर तोडणी, रात्री गाडी भरणे, आणि एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही सुटी नाही, पालावर संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हा आकडा आपल्या चळवळीने वाचला, मोर्चे काढले, निवेदने दिली. पण हवामानाच्या उद्दिष्टावर लिहिणाऱ्या कोणी तो इथेनॉलच्या आकड्याशेजारी ठेवलेला मी पाहिला नाही. पेट्रोलमध्ये किती टक्के मिसळले हे दर महिन्याला मोजता येते, मग त्या थेंबामागच्या बाईची पाळी, तिची मजुरी आणि तिचे गर्भाशय का मोजता येत नाही?

तिसरा हिशेब गायरानाचा, आणि या लेखाचे खरे कारण तेच आहे.

राज्यात 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' २०१७ पासून आहे. तिचा एक पहिला प्रकल्प आमच्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे. उपकेंद्राजवळच्या जमिनींवर सौर पाट्या बसवायच्या आणि शेतीच्या पंपांना दिवसा वीज द्यायची, अशी ही योजना. आमच्या भागात तिचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मुळेच्या, प्रवरेच्या काठच्या उसात बिबट्या असतो. रात्री दोनला वीज आली म्हणून दारे धरायला शेतात जायचे, त्या भीतीत आमची गावे वर्षानुवर्षे जगली आहेत. विधवा, एकट्या बायकांना तर रात्री दारे धरायला माणूस लावावा लागतो, नाहीतर पीक जळते. दिवसाची वीज ही बाईची मागणी आहे. तेव्हा सौरऊर्जेला माझा विरोध आहे असे कोणी म्हणू नये.

पण पाट्या बसतात कुठे? एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते, आणि उद्दिष्ट हजारो मेगावॅटचे आहे. खाजगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडे. सरकारी जमीन, म्हणजे पुष्कळ ठिकाणी गायरान, दिली तर ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख रुपये अनुदान, तीन वर्षे. आता हिशेब करा. भाडे मालकाला, आणि मालक कोण? २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशात शेतीच्या खातेदारांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के. अनुदान पंचायतीला, आणि त्यातून होणार सभामंडप किंवा रस्ता. आणि गायरानात जिच्या शेळ्या चरत होत्या, जी तिथून बाभळीच्या काटक्या आणत होती, जिचे सासरे तिथे चार पांड जमीन कसत आले होते, त्या भिल्ल, धनगर, दलित बाईला काय? तिचे तर कुठल्या कागदावर नावच नाही.

आमच्या कामाच्या एका गावात हेच झाले. गावाचे नाव लिहीत नाही, कारण हे त्या एकाच गावाचे दुखणे नाही. ठराव झाला ग्रामसभेत. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते, हे तुम्हा सर्वांना माहीत आहेच. तिची नोंद वहीत होती, सह्या-अंगठेही होते. बायकांना विचारले तर त्या म्हणाल्या, शिपाई वही घेऊन घरोघर आला, "रेशनच्या कामाची सही" म्हणाला. तारेचे कुंपण पडल्यावर त्यांना कळले. एक मावशी मला म्हणाली, "ताई, चार शेळ्या व्हत्या. दोन इकल्या. आता उरलेल्या दोघींना कुठं नेऊ? बांधावर नेलं तर मालक शिव्या देतो." शेळी म्हणजे काय हे गावात काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. पोरीच्या फीचे, दवाखान्याचे, नवऱ्याला न विचारता खर्च करायचे पैसे म्हणजे शेळी. भिंत नसलेली बँक.

मी ग्रामपंचायतीत गेले. मला सांगितले गेले, "मॅडम, हे देशाचं काम आहे. प्रदूषण कमी करायचं आहे." समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना 'लोकसहभाग' हा शब्द मी परीक्षेच्या पेपरात किती वेळा लिहिला असेन! त्या दिवशी मला त्याचा अर्थ कळला: लोकांनी सहभागी व्हायचे, आधी न विचारता. आणि कबूल करते, की त्या दिवशी मी गप्प बसून परत आले. 'देशाचं काम' या शब्दांपुढे दोन शेळ्यांचे गाऱ्हाणे मलाच लहान वाटले. आज लिहिते आहे ते त्या गप्प बसण्याची लाज वाटते म्हणून.

ज्या राहुरीत हे घडते तिथल्या कृषी विद्यापीठाला महात्मा फुल्यांचे नाव आहे. शेतकऱ्यांच्या हलाखीवर १८८३ साली लिहिताना जोतीरावांनी इंग्रजांच्या जंगल खात्यावर कोरडे ओढले होते, ते यासाठीच, की डोंगर आणि कुरणे खात्याने घेतली आणि गरिबांना शेळ्यामेंढ्या चारायला जागा उरली नाही. आज त्याच विद्यापीठात हवामान-अनुकूल शेतीचे केंद्र आहे, तिथे चांगले संशोधनही होते. पण 'हवामान-अनुकूल' योजनेने गावातली शेळी कुठे जाते, हा प्रश्न जोतीरावांच्या नावाच्या गावात तरी विचारला गेलाच पाहिजे.

आणि जनतेने काय करायचे, तर प्रतिज्ञा घ्यायची! २०२० मध्ये राज्याचे 'माझी वसुंधरा' अभियान आले, २०२२ मध्ये केंद्राचे 'मिशन लाइफ'. आमच्या बचतगटांना बोलावणे येते: रांगोळी काढा, कापडी पिशव्या शिवा, वीज वाचवण्याची शपथ घ्या. बायका जातात, कारण न गेल्यास पुढचे कर्ज अडेल अशी भीती असते. उन्हात हात पुढे करून उभ्या राहतात. चिंध्यांची गोधडी शिवणाऱ्या, खरकटे पाणी भाजीला घालणाऱ्या बाईला काटकसर शिकवायची आणि ज्याने शिकायला हवी तो व्यासपीठावर बसून हार घेतो. पर्यावरण वाचवणे हे असे घरकामात ढकलले गेले, म्हणजेच बिनपगारी झाले.

आता थोडे आपल्या घरातले. माझ्या काही मैत्रिणी म्हणतात, हवामान हा शहरी, इंग्रजी बोलणाऱ्यांचा विषय आहे. आपल्यापुढे हुंडा, मारहाण, बालविवाह असताना हे नवे कशाला? काही मैत्रिणी उलट टोकाला जातात आणि म्हणतात, बाई म्हणजेच निसर्ग, तीच पृथ्वी वाचवील. मला दोन्ही पटत नाही. बीना अग्रवाल यांनी १९९२ मध्येच दाखवून दिले होते, की स्त्रीचे निसर्गाशी नाते तिच्या स्वभावातून येत नाही, ते तिच्या कामातून आणि मालकीच्या अभावातून येते. गायरान गेले की काटक्यांसाठी लांब जावे लागते, मग मुलीची शाळा सुटते, मग चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिचे लग्न उरकले जाते, नाहीतर ती कोयत्यावर जाते. २०१९ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या, तेव्हा जनावरांबरोबर छावणीवर माणसे गेली आणि घर, पाणी, म्हातारी माणसे कोणी सांभाळली हे आपण पाहिले आहे. बालविवाहाचा प्रश्न आणि हवामानाचा प्रश्न वेगवेगळ्या फायलींत असतील, बाईच्या आयुष्यात ते एकाच दिवशी येतात.

म्हणून माझे म्हणणे असे, की २०७० लवकर की उशिरा या वादात आपण कोणाच्या तरी शेपटाला न लटकता आपली स्वतंत्र भूमिका घेतली पाहिजे. उद्दिष्ट हवे, आणि ते लवकरही हवे, कारण उशिराचा चटका पहिला आपल्यालाच बसतो. पण त्याचा खर्च ज्याने धूर केला त्याने द्यावा. त्यासाठी काही मागण्या मी चर्चेला ठेवते.

गायरानावर कोणताही प्रकल्प येण्याआधी महिला सभा खरोखर भरली पाहिजे, तिचे इतिवृत्त तिथेच वाचून दाखवले पाहिजे, आणि तिथे नकार आला तर ठराव पुढे जाता कामा नये. चराईची आणि कसणाऱ्यांची जागा आधी मोजून वेगळी ठेवावी. पंचायतीला मिळणाऱ्या अनुदानातला ठरलेला वाटा गायरानावर अवलंबून असलेल्या घरांतल्या बायकांच्या खात्यात थेट जावा. खाजगी जमिनीचे भाडे नवरा-बायको दोघांच्या नावे जमा व्हावे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत सातबाऱ्यावर बायकोचे नाव लागू शकत होते, तर भाडेकरारावर का नाही? गॅसच्या टाकीवरचा खर्च ही खिरापत न मानता हवामानाच्या खर्चात धरावा, आणि टाकी हप्त्याने मिळावी. इथेनॉलच्या उत्पन्नातून ऊसतोड स्त्रीची स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र मजुरी, पाळीची आणि बाळंतपणाची भरपगारी सुटी द्यावी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ त्यासाठीच आहे, त्याला कामाला लावावे.

तुमच्या तालुक्यात गायरानाचे असे ठराव झाले असतील तर त्यांच्या नकला मिळवा. महिला सभेच्या वहीतल्या सह्या कोणाच्या आहेत, त्या बायकांना जाऊन विचारा, आणि जे कळेल ते आपल्या या अंकाकडे लिहून पाठवा. एका गावात मी गप्प बसले. दहा गावांचे कागद एकत्र आले तर आपल्याला कोणी गप्प बसवू शकणार नाही.

त्या आजींच्या प्रश्नाला उत्तर देणे माझ्यावर बाकी आहे. पुढच्या बैठकीला हप्त्यांच्या आधी तोच विषय घेणार आहे.